भिंतीतली ओल आणि सौद्यातली बरकत

घर लवकर आणि चांगल्या किमतीला विकले जावे म्हणून काय करावे, हे सांगणाऱ्यांची आज कमतरता नाही. भिंतींना नवा रंग द्यावा, गळके नळ दुरुस्त करावेत, माळ्यावरचा पसारा काढून टाकावा, घर बघायला येणाऱ्यांना उजेडाच्या वेळी बोलवावे, मागणी सांगताना उतरायला थोडी जागा ठेवावी. दलाल हे सांगतात, नातेवाईक सांगतात, आणि यातले बहुतेक सल्ले व्यवहारी व निर्दोष आहेत. आपली वस्तू स्वच्छ व नीटनेटकी करून गिऱ्हाइकापुढे ठेवण्यास इस्लामने कधी मनाई केलेली नाही. तरीही या सगळ्या सल्ल्यांत एक प्रश्न बहुधा कोणी काढत नाही. घराबद्दल जे आपल्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, त्याचे काय करायचे?

हा प्रश्न कपडा किंवा धान्य विकणाऱ्यालाही पडतो; पण घराच्या बाबतीत त्याचे वजन वेगळे आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नहलमध्ये (१६:८०) अल्लाहने आपल्या उपकारांची गणना करताना घराचा उल्लेख केला आहे आणि त्यासाठी 'सकन' हा शब्द वापरला आहे. सकन म्हणजे जिथे जीव स्थिरावतो, थकवा उतरतो, असे ठिकाण. सामान्य कुटुंब आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर घेते. त्यात आईचे दागिने, वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आखातात काढलेली दहा-पंधरा वर्षे असतात. धान्य खराब निघाले तर एका महिन्याचे नुकसान होते. घर खराब निघाले तर माणसाचा सकनच हिरावला जातो.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. सहीह मुस्लिममध्ये तो ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनाने आला आहे. प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळून जात असता त्यांनी राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. विचारणा केल्यावर विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले आहे. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि जो फसवणूक करतो तो आपल्यातला नाही, अशा आशयाचा कठोर इशारा दिला.

हा प्रसंग आपण मुलांना सांगतो, खुत्ब्यात ऐकतो आणि 'फसवू नये' एवढाच बोध घेऊन पुढे जातो. त्यातील एक बारकावा मात्र निसटून जातो. त्या विक्रेत्याने धान्यात पाणी मिसळले नव्हते. पाऊस आकाशातून आला होता; उणीव त्याच्या हाताने निर्माण झालेली नव्हती. तो खोटेही बोलला नाही, विचारताच त्याने खरे कारण सांगितले. त्याचा दोष एवढाच की कोरडे धान्य वर होते आणि ओले खाली. म्हणजे जबाबदारी केवळ उणीव निर्माण करणाऱ्यावर नसते, आणि विचारल्यावर खरे सांगितले की ती संपते असेही नाही. न विचारता दिसेल अशी मांडणी करणे हीदेखील विक्रेत्याचीच जबाबदारी आहे.

आता हीच रास आपल्या मुलखात आणून पाहू. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. त्याच दिवसांत महाडला सावित्रीने वेढले. पाणी ओसरल्यावर भिंतींवर एक आडवी रेघ उरली. कुठे कमरेएवढी, कुठे पहिल्या मजल्याला टेकणारी. तो पूर कोणा घरमालकाने आणला नव्हता. पुढे कोणी घर विकायला काढतो, तेव्हा पहिले काम रंगाऱ्याला बोलावण्याचे होते. रंग लागतो आणि रेघ नाहीशी होते. मुंबई, पुण्यात किंवा कुवेतमध्ये राहणारा घेणारा डिसेंबरमध्ये येतो, कोरडे, लखलखीत घर पाहतो आणि इसार देऊन जातो. इथे धान्याच्या राशीतील प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी आहे. आकाशातले पाणी आहे, वर कोरडे आणि आत ओले आहे, आणि 'त्याने विचारले असते तर मी सांगितले असते' हे समाधानही आहे.

मग रंगच देऊ नये काय? तसे नाही. रंगात दोष नाही. रंग कोणत्या हेतूने दिला आणि त्याने घेणाऱ्याच्या मनात काय उमटले, यावर निर्णय अवलंबून आहे. याचे मोजमाप हदीसमध्येच सापडते. दुभती बकरी किंवा उंटीण विकण्याआधी दोन-तीन दिवस तिचे दूध न काढता कास फुगवून दाखवण्याची युक्ती अरबस्तानात चालत असे. प्रेषितांनी (स.) तिला मनाई केली आणि असे जनावर घेणाऱ्याला ते ठेवण्याचा किंवा परत करण्याचा अधिकार दिला, परत करताना काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर द्यावेत, अशीही तरतूद केली. जनावराला अंघोळ घालणे किंवा चारा घालून तजेलदार करणे कोणी निषिद्ध ठरवले नाही. कास फुगवणे निषिद्ध ठरले, कारण त्यातून घेणाऱ्याला रोजच्या दुधाबद्दल चुकीचा अंदाज येत होता. स्वच्छ भिंतीला दिलेला रंग ही अंघोळ आहे. पोपडे खरवडून, ओल न थांबवता, घर दाखवण्याच्या आठवड्यात दिलेला रंग ही फुगवलेली कास आहे. पाणी ज्या घरात दिवसाआड येते, तिथे घर दाखवण्याच्या दिवशी टँकर मागवून टाकी भरून ठेवणे हेही त्याच जातीचे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग खरोखर करून घेतले असेल, तर ते सांगावे, पावती दाखवावी आणि त्याची किंमतही मागावी. तो विक्रेत्याचा हक्क आहे.

येथे आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो हे पाहण्यासारखे आहे, कारण पुष्कळांचा समज असतो की कायद्यात 'घेणाऱ्याने सावध राहावे' एवढेच तत्त्व आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जी महत्त्वाची उणीव विक्रेत्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला समजण्यासारखी नाही, ती उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर व देणीही त्यानेच भागवायची असतात. तरतूद चांगली आहे. फरक पडतो तो 'साधारण काळजी' या शब्दांत. घेणाऱ्याने जरा चौकशी केली असती तर पुराची पातळी त्याला शेजारच्या दुकानात कळली असती, असा युक्तिवाद न्यायालयात करता येतो. इब्ने माजा यांच्या संग्रहात ह. उक्बा बिन आमिर (रजि.) यांची जी हदीस आहे, तिचा आशय असा की मुस्लिम हा मुस्लिमाचा बंधू आहे आणि उणीव असलेली वस्तू ती उणीव स्पष्ट केल्याविना बंधूला विकणे वैध नाही. यात घेणाऱ्याने किती चौकशी केली याला स्थानच नाही. विक्रेत्याचे कर्तव्य घेणाऱ्याच्या चाणाक्षपणावर कमी-जास्त होत नाही. उलट, जो भोळा आहे, घाईत आहे किंवा परगावचा आहे, त्याच्यापुढे ते अधिकच जड होते.

यावर एक पळवाट पूर्वापार आहे. खरेदीखतात एक वाक्य घालायचे, की घर 'आहे त्या स्थितीत' विकले असून पुढे कोणत्याही उणिवेस विक्रेता जबाबदार नाही. फिकहमध्ये याची सविस्तर चर्चा आहे. हनफी विद्वानांनी अशी अट मोठ्या प्रमाणात मान्य केली, तर शाफिई मताने ती फारच मर्यादित ठेवली. पण इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये एक खटला आहे, तो या चर्चेच्या मुळाशी जातो. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी अशाच अटीवर आठशे दिरहमांना एक गुलाम विकला. घेणाऱ्याने नंतर तक्रार केली की गुलामाला आजार आहे आणि तो सांगितला गेला नव्हता. प्रकरण खलिफा ह. उस्मान (रजि.) यांच्यापुढे आले. त्यांनी निवाडा दिला की विकताना हा आजार आपल्याला ठाऊक नव्हता, अशी शपथ इब्ने उमर यांनी घ्यावी. इब्ने उमर यांनी शपथ घेण्यास नकार दिला आणि गुलाम परत घेतला. पुढे तो बरा झाला आणि दीड हजार दिरहमांना विकला गेला. त्या काळची गुलामगिरी आज उरलेली नाही. खटल्यातील न्यायतत्त्व मात्र शिल्लक आहे. जे आपल्यालाच ठाऊक नाही त्याची जबाबदारी कागदावर नाकारता येते. जे ठाऊक आहे ते नाकारण्यासाठी कागदाचा उपयोग नाही.

आता विक्रेत्याच्या पलीकडे जाऊ. सौद्यात दलाल असतो, शेजारी असतात, सोसायटीचा सेक्रेटरी असतो. या सर्वांना ठाऊक असते की तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात वरच्या मोरीचे पाणी झिरपते. घर बघायला आलेले कुटुंब जिन्यात भेटते, सलाम होतो, 'कसे आहे घर?' असे विचारतात, आणि आपण 'चांगले आहे, मोक्याची जागा आहे' म्हणून निघून जातो. दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला द्या, हा आपला विचार असतो. इमाम गजाली (रह.) यांनी इह्या उलूमुद्दीनच्या उपजीविकेवरील प्रकरणात ह. वासिला बिन अस्का (रजि.) यांचा प्रसंग दिला आहे. एका माणसाने तीनशे दिरहमांना उंटीण विकली. वासिला तिथे उभे होते, पण त्यांचे लक्ष नव्हते. घेणारा उंटीण घेऊन निघाला, तेव्हा ते त्याच्या मागे धावले आणि विचारले की ही मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? प्रवासासाठी, असे तो म्हणताच त्यांनी सांगितले की तिच्या खुरात दोष आहे, ती सलग चालू शकणार नाही. घेणारा परतला, आणि विक्रेत्याला शंभर दिरहम कमी करावे लागले. माझा सौदा बिघडवलास, म्हणून विक्रेता चिडला. वासिला यांनी उत्तर दिले की प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा आम्ही प्रेषितांपाशी (स.) केली आहे, आणि वस्तूतील दोष ज्याला ठाऊक आहे त्याने तो न सांगणे वैध नाही, असे आपण प्रेषितांकडून (स.) ऐकल्याचेही त्यांनी सांगितले.

वासिला यांनी घेणाऱ्याला आधी हेतू विचारला, याकडे लक्ष द्यावे. मांसासाठी घेतलेल्या उंटिणीच्या खुराने काही बिघडत नाही. जिन्यात भेटलेल्या माणसाला घराची सगळी कुंडली ऐकवण्याची गरज नाही. घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतील तर लिफ्ट महिन्यातून किती दिवस बंद असते हे सांगणे अगत्याचे आहे. दम्याचे मूल असेल तर ओलीबद्दल. सांगायचे ते सौदा मोडण्याच्या आकसाने सांगू नये, हेही खरे. शेजाऱ्याशी जुने वितुष्ट आहे म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानाला लागणारे महाभाग आपण पाहतो. ते वासिलांच्या वाटेवर नाहीत.

एक प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ज्या घरात कोणी आत्महत्या केली, किंवा खून झाला, ते घर विकताना हे सांगावे काय? भिंत, छत, मालकी यांत काही दोष नाही. इस्लामने अपशकुनाची कल्पना नाकारली आहे. मग न सांगणेच अधिक इस्लामी नव्हे काय? सांगितले तर आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालतो, असा युक्तिवाद मी जाणत्या लोकांकडून ऐकला आहे.

माझ्या मते या युक्तिवादात आपल्या फायद्याचे तेवढे तौहीद उचललेले आहे. हनफी ग्रंथांत उणिवेची जी व्याख्या केली आहे ती पाहावी. व्यापाऱ्यांच्या रूढीत ज्यामुळे किंमत उतरते ती उणीव. ही व्याख्या वस्तूच्या रचनेबद्दल बोलत नाही, बाजाराबद्दल बोलते. घेणाऱ्याचा स्वतःचा अपशकुनावर काडीचा विश्वास नसेल. पण उद्या त्याला हेच घर विकावे लागले, तर सारी गल्ली ती घटना जाणून असल्यामुळे त्याला कमी किंमत मिळेल. आपण आज पूर्ण किंमत घेतली तर तो तोटा आपण त्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणून जिथे घटना सर्वश्रुत आहे आणि तिने भाव उतरला आहे, तिथे ती सांगावी आणि सोबत आपला विश्वासही सांगावा, की मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, घराच्या नाही. वार्धक्याने घरात शांतपणे अल्लाहला प्यारे झालेल्या आजोबांबद्दल मात्र सांगण्याचे काहीच कारण नाही. अशा मृत्यूवाचून राहिलेले जुने घर सापडणे कठीण. अर्थात कोणी सरळ विचारलेच, तर दोन्ही बाबतींत खोटे बोलण्यास वाव नाही.

मालकी हक्कातील उणीव ही भिंतीतील ओलीपेक्षा अधिक खोल मुरते, आणि इथे आपल्या समाजाने स्वतःकडे पाहण्याची गरज आहे. कोकणातले जांभ्या चिऱ्याचे, कौलारू वडिलोपार्जित घर विकायला निघते. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर वडिलांचे नाव असते, वारसनोंद होते आणि त्यानंतर बहिणींना बोलावले जाते. कुठे लग्नात झालेल्या खर्चाची आठवण दिली जाते, कुठे माहेर तुटेल अशी अप्रत्यक्ष भीती घातली जाते. हक्कसोड पत्रावर सही होते आणि भाऊ 'निर्वेध' घर विकायला मोकळे होतात. सूरह अन्-निसामध्ये (४:७) मागे ठेवलेली मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, तिच्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा ठरवून दिलेला आहे. त्याच सूरहमध्ये (४:२९) व्यवहारासाठी परस्पर राजीखुशीची अट आहे. बहिणीने मनापासून, आपला वाटा किती आणि त्याची किंमत किती हे समजून, तो भावाला दिला तर तो तिचा अधिकार आहे. पण ज्या राजीमागे डोळ्यांत पाणी आहे ती राजी नव्हे. १९३७ च्या शरियत अधिनियमाने शेतजमिनीचा विषय बाजूला ठेवला, हे सांगून काही जण सुटका करून घेतात. पण घर ही शेतजमीन नाही, आणि अल्लाहपुढे तो अधिनियम दाखवायचा नाही. घेणाऱ्यानेही एवढे करावे, की हक्कसोड पत्र पाहून थांबू नये. शक्य असेल तर त्या बहिणींशी घरातल्या बायकांकरवी दोन शब्द बोलून घ्यावेत.

रोखीच्या व्यवहाराविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यात गुंतागुंत नाही, फक्त धैर्य हवे आहे. खरेदीखतावर एक रक्कम आणि टेबलाखाली दुसरी, हा प्रकार इतका रुळला आहे की नेक माणसेही त्याला 'पद्धत' म्हणतात. खरेदीखत ही साक्षीदारांच्या सह्यांनिशी दिलेली साक्ष आहे. सूरह अल्-बकराच्या सर्वांत दीर्घ आयतीत (२:२८२) देण्याघेण्याचे लेखन न्यायाने करावे, साक्षीदार ठेवावेत आणि लेखनिकास व साक्षीदारास उपद्रव होऊ देऊ नये, असे आदेश आहेत. चुकीच्या रकमेवर नातेवाइकाला साक्षीदार म्हणून सही करायला लावणे हा त्याला झालेला उपद्रवच आहे. शिवाय १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. ज्या देशाचे कायदे पाळण्याचा करार आपण नागरिक म्हणून केला आहे, तिथे करारपालन हाही ईमानचा भाग ठरतो. पार्किंगचेही असेच. इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. सोसायटीने वापरायला दिलेली जागा 'पार्किंगसह' म्हणून विकताना आपण जे आपले नाही त्याचे पैसे घेत असतो.

इसाराबद्दलही मतभेद आहे. सौदा फिसकटला तर इसार बुडवणे बहुसंख्य इमामांनी नाकारले, इमाम अहमद (रह.) यांनी त्यास परवानगी दिली. त्यांचा एक आधार घराच्याच व्यवहाराचा आहे. ह. उमर (रजि.) यांच्यासाठी नाफिअ बिन अब्दुल हारिस यांनी मक्केत सफवान बिन उमय्या यांचे घर तुरुंगासाठी घेतले, तेव्हा असे ठरले की उमर यांना पसंत पडले तर सौदा पक्का, नाही तर सफवान यांना चारशेची रक्कम मिळावी. आपण ज्या मताचे असू त्यानुसार आधीच लिहून ठरवावे, एवढे बरे. घेणाऱ्याच्या घरी मृत्यू झाला, नोकरी गेली आणि म्हणून तो थांबला, तर इसार परत करणे सर्वच मतांनुसार पुण्याचे आहे.

आता शेजाऱ्याकडे वळतो, कारण घराच्या विक्रीत तो नेहमी विसरला जातो. प्रेषितांचे (स.) मुक्त केलेले सेवक ह. अबू राफेअ (रजि.) यांच्या दोन खोल्या ह. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. अबू राफेअ यांनी त्या साद यांना घ्यायला सांगितल्या. साद यांना फारशी इच्छा नव्हती, मिस्वर बिन मखरमा (रजि.) यांनी आग्रह केल्यावर ते म्हणाले की चार हजार दिरहमांहून अधिक देणार नाही, तेही हप्त्याहप्त्याने. अबू राफेअ यांनी सांगितले की मला पाचशे दीनारांची मागणी आलेली आहे, पण जवळिकीमुळे शेजाऱ्याचा हक्क अधिक, असे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले नसते तर या किमतीला दिल्याच नसत्या. दीनार सोन्याचा आणि दिरहम चांदीचा. पाचशे दीनार ही कितीतरी मोठी रक्कम होती. सहीह बुखारीत हा प्रसंग आहे. विक्री यशस्वी झाली की नाही, हे अबू राफेअ यांनी रकमेवरून मोजले नाही.

या हक्काला फिकहमध्ये 'शुफआ' म्हणतात. हनफी मतानुसार तो सहमालकाला, सामाईक वाटेच्या भागीदाराला आणि लगतच्या शेजाऱ्यालाही आहे. शाफिई मतानुसार तो अविभाजित मालमत्तेतील सहमालकालाच आहे; ह. जाबिर (रजि.) यांच्या कथनात हद्दी ठरल्या आणि रस्ते वेगळे झाले की शुफआ उरत नाही, असे आले आहे. म्हणजे देशावरच्या हनफी घरांत आणि कोकणातल्या शाफिई घरांत या प्रश्नाचे उत्तर वेगळे निघेल. निव्वळ शेजारपणावर आधारलेला शुफआ सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनेशी विसंगत ठरवला. तेव्हा हक्क म्हणून कोणी दावा करणार नाही. पण दाव्याचा हक्क नाही म्हणून शेजाऱ्याला एका शब्दाने विचारूही नये, असे कोणत्या इमामांनी सांगितले? दारावर अनोळखी सामान उतरल्यावरच शेजाऱ्याला विक्री कळावी, ही गोष्ट चाळीस वर्षांच्या वाटीभर साखरेच्या देवाणघेवाणीला शोभत नाही. आणि शेजारी मुस्लिमच असला पाहिजे असेही नाही. शेजाऱ्याच्या हक्कांच्या हदीस धर्माची अट घालत नाहीत. ओल्या धान्याच्या राशीसमोर येणारे गिऱ्हाईकही कोणीही असू शकत होते. धर्म पाहून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यातील अनेक कुटुंबांनी शहरांत घेतला आहे. त्याची जळजळ ठाऊक असलेल्याने आपले घर विकताना नाव ऐकून दार लावू नये.

मर्व शहरात अबू हमजा सुक्करी (रह.) नावाचे हदीसचे विद्वान राहत. त्यांच्या शेजाऱ्याने घर विकायला काढले. किंमत विचारली तेव्हा तो म्हणाला, दोन हजार घराचे आणि दोन हजार अबू हमजांच्या शेजाराचे. ही गोष्ट अबू हमजांच्या कानी गेली. त्यांनी चार हजार पाठवून दिले आणि निरोप दिला की हे घे, पण घर विकू नकोस. घर चांगल्या भावाने जाण्यास काय उपयोगी पडते, याचे उत्तर त्या शेजाऱ्याने मोठ्या सरळपणे देऊन ठेवले आहे. दुःख एवढेच की निम्मी किंमत ज्याच्यामुळे येते, त्याला दलाली कोणी देत नाही.

किमतीबद्दल घेणाऱ्यालाही काही सांगायला हवे. घर विकणारा पुष्कळदा अडचणीत असतो. ऑपरेशन असते, कर्ज असते, नवरा गेलेली बाई दोन मुलांना घेऊन माहेरी निघालेली असते. 'गरजू आहे, अजून दाबा' हा सल्ला तिथे मिळतोच. ह. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या सेवकाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमांना घोडा ठरवला. जरीर यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, याची किंमत जास्त आहे, चारशे घेशील? असे करत त्यांनीच ती आठशेपर्यंत नेली. वासिला यांनी ज्या प्रतिज्ञेचा आधार घेतला, तोच जरीर यांनीही सांगितला. एवढे सर्वांना जमणार नाही. निदान भाव ठाऊक नसलेल्या बाईला खरा भाव सांगून मग मागणी करावी, एवढे जमण्यासारखे आहे.

हकीम बिन हिजाम (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. घेणारा आणि देणारा दोघे खरे बोलले आणि त्यांनी सगळे स्पष्ट केले तर सौद्यात बरकत येते. लपवले आणि खोटे बोलले तर ती पुसली जाते, असा तिचा आशय आहे. यात पैसे कमी होतील असे म्हटलेले नाही. आकडा तोच राहतो, बरकत जाते. इमाम गजाली (रह.) यांनी दुधात पाणी घालणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली आहे. एके दिवशी पूर आला आणि त्याची गाय वाहून गेली. तेव्हा त्याचीच मुले म्हणाली की आपण थेंबथेंब घातलेले पाणी एकदम जमले आणि गाय घेऊन गेले. मुलांना सगळे ठाऊक होते, ही त्या गोष्टीतली मला सर्वांत बोचणारी बाब वाटते. घर विकताना आपण दलालाशी फोनवर काय बोलतो, सेक्रेटरीला काय सांगू नको म्हणतो, रंगाऱ्याला कोणती भिंत आधी घ्यायला सांगतो, हे पलीकडच्या खोलीत अभ्यास करणारी मुले ऐकत असतात.

विक्रीनंतर आलेल्या पैशाचे काय करावे, याबद्दलही इब्ने माजा यांच्याकडे एक कथन आहे. घर किंवा जमीन विकून त्याची किंमत पुन्हा तशाच गोष्टीत न घालणाऱ्याला त्या पैशात बरकत मिळत नाही, असा त्याचा आशय आहे. विद्वानांनी याकडे बहुधा सल्ला म्हणून पाहिले आहे, सक्ती म्हणून नाही. पण त्यातले शहाणपण आपल्या गावांतून दिसते. वडिलोपार्जित घर विकले जाते, चार भावांत रक्कम वाटली जाते, एकाची गाडी येते, एकाच्या मुलीचे थाटाचे लग्न होते, आणि तीन वर्षांत घरही नसते आणि रक्कमही नसते. वृद्ध आई मात्र कधी या मुलाकडे, कधी त्या मुलाकडे, तिची पेटी घेऊन फिरत राहते. पतीच्या मागे तिचा आठवा हिस्सा ठरलेला आहे (४:१२). वाटणीच्या दिवशी तो वेगळा काढून तिच्या नावे, तिच्या खात्यात जमा करावा, आणि बाकीचे आकडे त्यानंतर मांडायला बसावे.